बरणीची परीक्षा

भनपुरी, रायपूर
२१ मे २०२३

ती. आत्याबाई,
सप्रेम जयभीम.

प्रशिकदादाच्या हाती एक गाठोडं पाठवते आहे. ते बर्थखाली ठेवू नको, वरच्या फळीवर ठेवू नको, कुणाच्या पायाशी तर मुळीच ठेवू नको, असं त्याला बजावलं आहे. तो म्हणाला, मग काय डोक्यावर घेऊन जाऊ? म्हटलं, हो. तुझा मुलगा असला म्हणून काय झालं, माझ्या भांड्यांच्या बाबतीत मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

गाठोड्यात बरणी आहे, माझ्या चाकावरची. तुझं वर्षाचं लोणचं मावेल एवढी. दुधाळ पांढरी, खांद्यावर तपकिरी पट्टा आणि अंगभर केसासारख्या रेघांची बारीक जाळी. ही जाळी दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांना फार आवडली होती. बुडाशी माझा शिक्का आहे, नुसता 'अ'. तिथल्या जाणकारांनी सांगितलं की एवढाच शोभतो.

आता काम सांगते. नवा रायपूरच्या ऑफिसातली नकाशे काढायची नोकरी मी दिवाळीत सोडली, तेव्हापासून बाबा माझ्याशी जेवणापुरतंच बोलतात. माझं ओळखपत्र त्यांनी टीव्हीखाली जपून ठेवलं आहे, त्यावर अस्मिता गुलाबराव खोब्रागडे असं पूर्ण नाव छापलेलं आहे ना. आलेल्या-गेलेल्याला ते दाखवतात आणि मी कुंभारकाम करते हे सांगायचं टाळतात. चहा अजून त्यांच्या त्या नाव कोरलेल्या स्टीलच्या पेल्यातूनच घेतात. मी केलेले कप घरात ढीगभर आहेत, पण त्यातून एक घोट नाही.

दीडेक महिन्यापूर्वी मात्र माझ्या शेडवर आले. भट्टी पाहिली, फळीवरची भांडी पाहिली आणि म्हणाले, "शोकेसची भांडी कोणी बी बनवते. बरणी बनव. तुह्या आत्याचं लोणचं वर्षभर ठेवून दाखव. थेंब नाही झिरपला तर नोकरीचं नाव काढणार नाही मी. झिरपला तर दुसऱ्या दिवशी ऑफिस."

मी हो म्हटलं. पंच म्हणून त्यांनी तुझंच नाव घेतलं, कारण त्यांच्या मते ताई खोटं बोलत नाही. तेव्हा बरणी भर आणि मला पास कर.

तुझी,
अस्मिता


इंदोरा, नागपूर
१२ जून २०२३

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

बरणी धडधाकट पोचली. प्रशिक खरंच मांडीवर घेऊन बसला होता, त्याचे पाय सुन्न झाले. रीना त्याला म्हणाली, मुलीला एवढं सांभाळून कधी आणलं नाही.

पत्र लिहिलंस हे बरं केलंस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. शिवाय फोनवर माणूस सहज खोटं बोलून जातं. पत्र लिहिताना हात जरा थांबतो, म्हणून पत्रातल्या शब्दाला वजन असतं. तीस-बत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पोरांना मी हेच शिकवलं.

बरणी सुरेख आहे. शेजारच्या सगळ्या जणी येऊन पाहून गेल्या. माझ्या भाचीने केली म्हटलं तर कोणाचा विश्वास बसेना. तू आईविना वाढलेली पोर, काय करशील याचा मला घोर असे. आता नाही.

लोणचं यंदा चांगलं उतरलं. कैरी करकरीत होती, मोहरीची डाळ घरीच केली. बरणीच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधला आहे. गुलाबला सांग, पंच डोळ्यांत तेल घालून बसला आहे.

तुझी आत्या,
सत्यभामा


भनपुरी, रायपूर
३ सप्टेंबर २०२३

ती. आत्याबाई,
सविनय जयभीम.

तीन महिने होत आले. रोज वाटतं, आज पत्र येईल आणि त्यात लिहिलेलं असेल की लोणचं बुरसलं, नाहीतर तेल फरशीवर आलं. बाबा विचारत नाहीत, पण पोस्टमनचा आवाज आला की पेपर खाली ठेवतात.

एक चांगली बातमी. इथल्या तात्यापाऱ्यात मंदाकिनीताई म्हणून आहेत, घरची लोणची करून विकतात. आपल्या बरणीची हकीकत ऐकून त्यांनी तशाच बरण्या मागितल्या आहेत. पुढच्या कैरीच्या हंगामाआधी द्यायच्या. मी म्हटलं, आधी आत्याबाईंचा निकाल येऊ दे. तर जरा बघून सांग, बूड कोरडं आहे ना? बोट फिरवून बघ. खरं ते लिही, माझी काळजी करू नको.

अस्मिता


इंदोरा, नागपूर
२५ सप्टेंबर २०२३

चि. अस्मितास,
आशीर्वाद.

बोट फिरवलं. ठणठणीत कोरडं आहे. थेंब काय, थेंबाचा वासही नाही. मी रोज पुसते, त्यामुळे चकाकी तर अशी की त्यात कुंकू लावावं. तुझ्या त्या तात्यापाऱ्याच्या बाईंना खुशाल बरण्या दे.

बाकी ठीक. माझे गुडघे त्यांच्या मनाला येईल तेव्हा दुखतात.

सत्यभामा


भनपुरी, रायपूर
१६ जानेवारी २०२४

आत्याबाई,

जयभीम लिहिते आहे, पण रागातच लिहिते आहे.

रीनावहिनीने काल तुमच्या चिमीच्या वाढदिवसाचे फोटो पाठवले. केक छान होता. केकच्या मागे तुमचं शोकेस आहे, आणि शोकेसच्या मधल्या कप्प्यात, गोंदियाहून आणलेला हत्ती आणि प्रशिकदादाची ढाल यांच्यामध्ये माझी बरणी आहे. तिच्या तोंडाला दादरा नाही. तिच्यातून प्लास्टिकचे गुलाब वर आले आहेत.

लोणच्यात गुलाब उगवतात हे मला माहीत नव्हतं.

मी फोटो मोठा करून पाहिला, मग वहिनीला विचारलं. ती बिचारी सरळ म्हणाली, ती तर पहिल्या दिवसापासून तिथंच आहे, आई कोणाला हात लावू देत नाहीत. म्हणजे जूनमध्ये तू लिहिलंस तो दादरा दुसऱ्याच बरणीचा होता. सप्टेंबरमध्ये बोट फिरवलंस ते रिकाम्या बरणीवर. रिकामी बरणी झिरपत नाही एवढं मलाही समजतं.

तू लाडाने केलंस हे कळतं मला. पण तू मला पास केलंस ते पेपर न तपासता. आणि मी त्या निकालावर मंदाकिनीताईंना बरण्या दिल्या. सकाळी तात्यापाऱ्यात जाऊन त्या सगळ्या परत आणल्या, स्कूटीवर, फेऱ्या मारून. हंगाम यायचा होता म्हणून त्यांनी अजून काही भरलं नव्हतं, हे माझं नशीब. दार लावून घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी खरं काय ते मला कळू दे. तुझ्या जुन्या बरणीतलं लोणचं माझ्या बरणीत काढ. खाली वर्तमानपत्र घाल. महिन्याने काय दिसतं ते लिही. गोड करून लिहू नको.

अस्मिता


इंदोरा, नागपूर
१९ फेब्रुवारी २०२४

चि. अस्मितास,

आशीर्वाद देण्याचं तोंड नाही, तरी देते.

शाळेत नक्कल करणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करत असे. या वयात मलाच उभं राहायची पाळी आली. झालं ते असं. लोणचं कालवून तयार होतं, बरणी उन्हात तापवून आणली होती, पळी हातात होती. आणि त्या दुधासारख्या अंगात हळदीचं तेल ओतायला माझा हात पुढे होईना. आपल्या घरात इतकी देखणी वस्तू कधी आली नव्हती बाई. वाटलं, आपल्या पोरीने केलेलं लोकांनी पाहावं, अंधाऱ्या फळीवर तेलकट होऊन पडू नये. एकदा शोकेसमध्ये ठेवली, शेजारणी वाहवा करून गेल्या, मग काढवेना. आणि बरणी एवढी गुटगुटीत, ती काय झिरपणार, असं मीच ठरवून टाकलं.

तू सांगितलंस तसं लोणचं काढलं. पहिला आठवडा काही नाही. मला वाटलं, सुटले. मग एक दिवस बरणीला हात लावला तर बोटं चिकट. अंगावर बारीक बारीक थेंब, उन्हातून आलेल्या माणसाला घाम फुटावा तसे. आज उचलली तर खाली हे.

सोबत वर्तमानपत्राचा तुकडा कापून पाठवते आहे. पिवळं कडं दिसतं आहे ना, ते बरणीच्या बुडाचं आहे. तू म्हणालीस गोड करून लिहू नको, म्हणून कापूनच पाठवलं.

माझ्यावर राग धर, पण बरणी फोडू नको म्हणायचा हक्क मला आहे. ती मी रिकामी करून, धुऊन परत शोकेसमध्ये ठेवली आहे. मला ती आवडते.

सत्यभामा


भनपुरी, रायपूर
१० मार्च २०२४

ती. आत्याबाई,
सप्रेम जयभीम.

राग संपला. राग करायलाही वेळ लागतो, आणि तो आता माझ्याकडे नाही.

पिवळं कडं मिळालं त्याच दिवशी मी परत आणलेल्या बरण्यांपैकी एक घेतली, तिच्या अंगावर शाई ओतली, चोळली आणि पुसली. पांढरा भाग पांढरा राहिला आणि ती सगळी जाळी निळी झाली. जी जाळी मी नक्षी म्हणून मिरवत होते, ती भेगांची होती. झिलई म्हणजे शेवटी काचच. भट्टीतून निघाल्यावर आतली माती आकसते त्याहून ती जास्त आकसली की तडकते. भट्टी उघडली की भांडी टिण टिण वाजायची, तेव्हा मी मैत्रिणींना बोलावून ऐकवायचे, बघा कशी गातात. तो तडकण्याचा आवाज होता. फुलदाणीला त्याने काही होत नाही. मीठ आणि तेल मात्र अशी वाट बरोबर शोधतात, आणि माझी मातीही आतून पुरती भाजलेली नव्हती.

मग बाबांना सांगितलं. तुझ्या शोकेससकट सगळं. वाटलं होतं ते हसतील, नाहीतर तुझ्यावर चिडतील. त्यांनी ते पिवळं कडं हातात घेतलं, उजेडात धरलं, मागून पुढून पाहिलं.

"ताईनं कळवलं म्हणून सांगून राहिली, का कळवलं नसतं तरी सांगितलं असतं?"

म्हटलं, ते तिने कळवावं म्हणून मीच तिला लोणचं भरायला लावलं ना.

"हव," म्हणाले, आणि ओळखपत्र टीव्हीखालून काढून माझ्यासमोर ठेवलं. ते जिंकल्यासारखे दिसत नव्हते, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

एक तारखेपासून ऑफिसला जाते आहे. जागा रिकामीच होती. सकाळची बस, संध्याकाळची बस. शेड सोडलेली नाही. रविवार माझा आहे. पिवळं कडं चाकासमोरच्या भिंतीवर डकवलं आहे.

तुझी,
अस्मिता


इंदोरा, नागपूर
७ एप्रिल २०२४

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. गुलाब कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

आमच्या गावात एसटी थांबायची तिथं एक हॉटेल होतं. बाकीच्यांना चहा काचेच्या पेल्यात मिळायचा. आपल्या माणसांना मातीच्या कपात, तोही दुरून ठेवलेला. पिऊन झाला की आपणच तो मागच्या उकिरड्यावर नेऊन फोडायचा, म्हणजे चुकून कोणाच्या हाती लागायला नको. गुलाब तेव्हा सात-आठ वर्षांचा. एकदा त्याला तो कप आवडला, त्याच्यावर बोटांचे छान वळसे होते, म्हणून खिशात घालून घरी आणला. हॉटेलवाल्याने पाहिलं. पुढचं लिहीत नाही. आमच्या बापाला जाऊन हात जोडावे लागले.

रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागल्यावर पहिल्या पगारात त्याने स्टीलचे पेले घेतले आणि त्यांच्यावर नाव कोरून घेतलं. आता कोणी हे फोडायला सांगू शकत नाही, असं मला म्हणाला होता. तेव्हा तो तुझ्या कपातून चहा घेत नाही, त्यात तुझा अपमान नाही पोरी. त्याला अजून तो उकिरडा दिसतो.

हे कळल्यावर तू काम सोडशील असं वाटलं असतं तर लिहिलं नसतं. मला उलटं वाटतं. त्याला पहिल्यांदा आवडलेलं भांडं मातीचं होतं.

गुलाबला मी वेगळं पत्र टाकलं. त्यात लिहिलं, तू वर्षाची अट घातली होतीस, कोणतं वर्ष ते बोलला नव्हतास. नापास झालेल्या पोराला पुन्हा बसता येतं, असा नियम आहे. त्याचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ, बसू दे.

माझं लोणचं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी बरणी पाठव. या वेळी लाड नाही.

सत्यभामा


भनपुरी, रायपूर
९ जून २०२४

ती. आत्याबाई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून मी बाबांना काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून माझे कप त्यांच्यासमोर ठेवायचं बंद केलं. ते मागतील तेव्हा देईन.

आता बरणीचं. आमच्याकडे धानाच्या मिली आहेत ना, त्या तूस जाळतात, आणि त्याची राख भनपुरीभर उडते. बाबांचे पांढरे सदरे दोरीवर वाळत असतात त्यांच्यावर ती बसते आणि ते रोज सकाळी मिलवाल्यांचा उद्धार करतात. एका रविवारी ते सदरा झटकत होते आणि मी बघत होते, आणि एकदम डोक्यात आलं की माझ्या झिलईत जे कमी पडतं आहे ते हेच आहे. वाळूचा जो अंश झिलईला तडकू देत नाही, तो तुसाच्या राखेत ठासून भरलेला असतो. पुस्तकात मी ते कितीदा वाचलं होतं, पण पुस्तकातली राख माझ्या डोक्यात कुठल्या तरी परदेशातली होती. आमच्या दोरीवरची नव्हती.

गोणी भरून राख आणली. काळी होती, ती पुन्हा भाजून पांढरी केली, वाटली, वस्त्रगाळ केली. प्रमाण जमेना. पहिल्या रविवारची झिलई ओघळून खाली आली, दुसऱ्या वेळची खरखरीत, तिसऱ्या वेळची बरी पण शाईला फसली. मातीही बदलली आणि आच वाढवली. ऑफिसात नकाशावर रेघ मारताना मी मनात राखच मोजत असे, साहेबांनी दोनदा टोकलं.

गेल्या रविवारी पहाटे भट्टी लावली, संध्याकाळी बंद केली. मंगळवारी ऑफिसला दांडी मारून उघडली. बरण्या बाहेर काढून फळीवर ठेवल्या आणि शेजारी बसून राहिले. तेवढ्यात बाबा डबा घेऊन आले.

"काहून अशी कान लावून बसली?"

"ऐकून राहिले."

"मले तं काहीच ऐकू येत नाही."

"तेच ऐकून राहिले बाबा."

ते पण बसले. आम्ही दोघं किती तरी वेळ काही न ऐकता बसलो. एकही बरणी वाजली नाही. मग मी शाई आणली, ओतली, चोळली, पुसली. बरणी कोऱ्या कागदासारखी निघाली. आत्याबाई, मी रडले, आणि ते मी लपवलं नाही.

बाबांनी बरणी उचलली आणि बोटाचं पेर वाकवून तिच्यावर टकटक केलं. वर्कशॉपमध्ये जन्मभर हातोडीने वॅगनची चाकं अशीच ठोकून पाहायचे, तडा असला तर आवाज बद्द येतो. एकदा ठोकलं, बरणी फिरवून पुन्हा ठोकलं.

"आवाज तं बरा आहे," म्हणाले, आणि डबा ठेवून गेले.

बरणी प्रशिकदादाबरोबर पाठवते आहे. तिच्यावर नक्षी नाही, पट्टा नाही, बुडाशी तेवढा माझा 'अ'. शोकेसमध्ये ठेवावीशी वाटू नये म्हणून.

अस्मिता


इंदोरा, नागपूर
२० जानेवारी २०२५

चि. अस्मितास,
आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली. उत्तर मुद्दाम दिलं नाही. निकाल मुदतीआधी फोडायचा नसतो.

बरणी भरून, दादरा बांधून फळीवर ठेवली आहे. रोजच्या खाण्याचं जुन्या बरणीत आहे, हिला कोणी हात लावत नाही. मी पुसतही नाही. शोकेसमध्ये ठेवावीशी वाटली होती, कारण तुझा अंदाज चुकला, ही पहिलीपेक्षा देखणी आहे. पण मन आवरलं.

जूनमध्ये वर्ष भरेल. मी मात्र विजयादशमीला उघडीन. त्या दिवशी दीक्षाभूमीला आलेले आपले सगळे जेवायला माझ्याकडे असतात. एकट्या पंचाचा भरवसा उरलेला नाही, तेव्हा सगळ्यांच्या समोर.

सत्यभामा


भनपुरी, रायपूर
२२ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाई,
सविनय जयभीम.

मी येत नाही. बाबांना एकट्यांना पाठवते आहे. मी समोर असले तर तू आणि बाबा दोघंही माझ्या तोंडाकडे बघाल, बरणीकडे नाही. त्या दिवशी मी शेडवर भट्टी लावून बसेन, म्हणजे हाताला काम राहील.

दीड वर्ष झालं या नोकरीला. काम वाईट नाही, माणसं चांगली आहेत. पण सुटीच्या दिवशी चाकावर बसते तेव्हा कळतं की आठवडाभर मी कोणीतरी दुसरीच होते. मला हे काम पाहिजे, आत्याबाई. कोणावर रुसून नाही, कोणाला दाखवायला नाही. बरणी झिरपली असेल तर मी पुन्हा बसेन, एवढं बाबांना सांग. तेही त्यांना आधीच सांगून ठेव, उघडायच्या आधी.

अस्मिता


इंदोरा, नागपूर
३ ऑक्टोबर २०२५

चि. अस्मितास,
अनेक अनेक आशीर्वाद.

काल घरात पन्नासेक माणसं असतील. सगळे पांढऱ्या कपड्यांत, अंगणात पंगत बसलेली. गुलाब सकाळीच माझ्या स्वयंपाकघरात शिरला होता. फळीवरची बरणी त्याने स्वतः उतरवली. खालच्या वर्तमानपत्राकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, कागदाचं काय, बदलता येतो. मला ते लागलं, पण तेवढा हक्क त्याला आहे.

मग त्याने खिशातला हातरुमाल काढला. पांढरा, परीटघडीचा. तो पाटावर पसरला, त्याच्यावर बरणी ठेवली आणि समोर खुर्ची घालून बसला. दीक्षाभूमीवर गर्दी ओसरल्यावर जाऊ म्हणाला. लोक येत होते, भेटत होते, तो जागचा हलला नाही. रीना म्हणाली, मामा, तिला पळायला पाय नाहीत. त्यावर तो नुसता हं म्हणाला.

तुझा निरोप मी त्याला सांगितला, झिरपली तरी पुन्हा बसणार म्हणून. त्याने मान हलवली. जरा वेळाने म्हणाला, "माझ्यावर गेली."

दुपारी पंगत बसली तेव्हा त्याने बरणी उचलली. रुमाल मी पाहिला, प्रशिकने पाहिला, कामठीच्या श्रीपादने चष्मा लावून पाहिला. पांढरा. डाग नाही, कडं नाही, ओल नाही. गुलाबने बरणीवर खालून वरपर्यंत तळहात फिरवला आणि तो तळहात आपल्या पांढऱ्या सदऱ्याला छातीवर पुसला. सदरा स्वच्छ. आणि मग तो असा हसला की मी त्याला असं हसताना त्या एसटीच्या हॉटेलाच्या आधी पाहिलं असेल.

दादरा मी सोडला. वास घरभर गेला. फोडींचा रंग जसाच्या तसा, तेल वर आलेलं, मीठ मुरलेलं. पंगतीत गुलाबने स्वतः वाढलं. कोणी विचारलं, सत्यभामाबाई, बरणी कुठली, तर माझ्याआधी तोच बोलला, "माह्या पोरीनं बनवली. कुंभारकाम करते ती, रायपूरले."

तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

तू पास आहेस. या वेळी पेपर तपासून देते आहे. तात्यापाऱ्याच्या बाईंना जाऊन सांग. जाताना ताठ मानेने जा.

तुझी आत्या,
सत्यभामा

गुलाबला तुला काही लिहायचं आहे. मी म्हटलं, घरीच जातो आहेस तर तोंडाने सांग. म्हणाला, तोंडाने नाही होणार. त्याचा कागद याच पाकिटात घालते.


नागपूर
३ ऑक्टोबर २०२५

चि. अस्मितास,
आशीर्वाद.

रुमाल सोबत आहे. उजेडात धरून बघ, दोन्ही बाजूंनी. भिंतीवर ते पिवळं कडं आहे त्याच्या शेजारी लाव.

नोकरीचं नाव काढणार नाही म्हणालो होतो. काढत नाही.

पुढच्या आठवड्याच्या शेवटी गाडीने येतो. ताईने बरणी अर्धी भरून दिली आहे, ती मांडीवर घेऊन येईन. डब्याला धक्का कुठून बसतो ते मला माहीत आहे. आल्यावर चहा तुझ्या कपात दे. बोटांचे वळसे असलेला एखादा असेल तर तो.

एक तक्रार आहे. जेवणं झाल्यावर बरणी उलटी करून पाहिली. बुडाशी नुसता 'अ' आहे. अ कोणीही असतो. आपल्या घरातल्या पेल्यांवर नाव कोरलेलं आहे ते कशासाठी, हे ताईने तुला लिहिलं आहे असं ती म्हणाली. मग भांडं तू करायचं आणि नाव झाकायचं, हे मला पटलं नाही.

यापुढे नाव पूर्ण घालत जा. आडनाव घाल. मधलंही घाल.

बाबा